‘मदरबोर्ड कुठलाही चालेल’ म्हणू नका!

नवा कॉम्प्युटर असेम्बल करायचा म्हटलं की आपण काय विचारतो? प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, रॅम किती? मदरबोर्डची वेळ आली की मात्र ठरलेलं उत्तर, ‘कुठलाही टाका हो, चालेल!’ लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारासाठी हे वाक्य म्हणजे पर्वणीच. बजेट ताणलं की पहिली कात्री बोर्डालाच लागते, आणि कॅबिनेट बंद झालं की तो कुणाला दिसतही नाही.

माझी एक मैत्रीण घरून व्हिडिओ एडिटिंग करते. लग्नाच्या फिल्म्स, छोट्या जाहिराती... तिचं घर त्या मशीनवर चालतं. तिच्या नव्या पीसीसाठी आम्ही तीन दुकानांतून कोटेशन्स आणली. प्रोसेसरचं नाव तिन्हीकडे मॉडेल नंबरसकट. मदरबोर्डच्या रकान्यात दोघांनी नुसतं ‘बी ६५०’ लिहिलेलं, तर तिसऱ्याने चक्क ‘ब्रँडेड’! मग म्हटलं, हे प्रकरण नीट समजूनच घेऊया.

आधी पत्रिका जुळवा

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. एएमडीचं २०२२ मध्ये आलेलं एएम ५, इंटेलचं २०२१ चं एलजीए १७०० आणि २०२४ चं एलजीए १८५१. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. आणि नुसतं सॉकेट जुळून भागत नाही बरं का! २०१७ च्या सुरुवातीला ज्यांनी इंटेलचा झेड २७० बोर्ड घेतला, त्यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेले आठव्या पिढीचे प्रोसेसर वापरता आले नाहीत. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, पण चिपसेट नवा हवा होता. याउलट, २०१७ मध्ये एएमडीचा एएम ४ बोर्ड घेतलेल्या अनेकांना २०२२ मध्ये फक्त बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर लावता आला. एकाला सगळं बदलावं लागलं, दुसऱ्याचं एका पार्टवर भागलं. एएम ५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय.

अक्षरांचा फंडा

ए ६२०, बी ६५०, झेड ७९० ही चिपसेटची नावं. किती पोर्ट, किती स्लॉट, ओव्हरक्लॉकिंग जमणार की नाही, हे बरंचसं इथे ठरतं. इंटेलमध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर ‘के’ प्रोसेसर आणि ‘झेड’ बोर्ड अशी जोडी लागते. ते करायचंच नसेल तर ‘झेड’चे जादा पैसे कशाला?

खरी मेख व्हीआरएममध्ये

पॉवर सप्लायकडून येतात १२ व्होल्ट, प्रोसेसरला लागतो साधारण एक-सव्वा व्होल्ट. मधलं काम व्हीआरएम करतो. स्वस्त बोर्डात हा भाग तोकडा असतो, त्यावर हीटसिंकही नसतो. मेल, एक्सेल, सिनेमे यात काही बिघडत नाही. पण तासन् तास रेंडरिंग चाललं की तो तापतो आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. म्हणजे महागडा प्रोसेसर घेऊन बैलगाडीचा स्पीड! एकाच ‘बी ६५०’ नावाखाली साधे आणि दणकट असे दोन्ही बोर्ड मिळतात. म्हणूनच मॉडेलचं पूर्ण नाव हवं.

रॅमचा हिशोब

एएम ५ आणि एलजीए १८५१ वर फक्त डीडीआर ५ चालते. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर ४ चे, काही ५ चे. दोन्हींच्या खाचा वेगळ्या, त्यामुळे अदलाबदल नाही. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या, तेव्हा हातातली जुनी डीडीआर ४ रॅम वापरता येईल का, हा प्रश्न खिशाला थेट भिडणारा ठरला. आणखी एक गोष्ट : डीडीआर ५ च्या चार पट्ट्या लावल्या की बहुतेक वेळा वेग कमी ठेवावा लागतो. त्यापेक्षा दोन मोठ्या पट्ट्या बऱ्या.

मैत्रिणीने शेवटी काय घेतलं? रंगीबेरंगी लाइट्सवाला मोठा बोर्ड सोडून मायक्रो एटीएक्स आकाराचा, २४४ बाय २४४ मिलिमीटरचा बी ६५०. व्हीआरएमवर जाडजूड हीटसिंक, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट. लाइट्सचे वाचलेले पैसे गेले रॅममध्ये. तिच्या कामाला तेच उपयोगी.

दुकानात जाताना

* बोर्डचं पूर्ण मॉडेल कोटेशनवर आणि बिलावर लिहून घ्या.
* कंपनीच्या वेबसाइटवर ‘सीपीयू सपोर्ट’ यादीत आपला प्रोसेसर आणि त्याला लागणारं बायोस व्हर्जन बघा. बायोस जुना असेल तर दुकानातच अपडेट करून मागा. ‘बायोस फ्लॅशबॅक’ असलेल्या बोर्डात प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून हे काम होतं.
* दुसरा एम.२ स्लॉट भरला की काही बोर्डांत सॅटा पोर्ट बंद पडतात. मॅन्युअल आधी वाचा.
* या तिन्ही सॉकेटमध्ये नाजूक पिना बोर्डावर असतात. खोका दुकानातच उघडून त्या सरळ आहेत ना, ते बघा. वाकलेली पिन घरी सापडली तर वॉरंटीसाठी भांडत बसावं लागतं.