गोधडीची ऊब कुणाची? ऊर्जा आणि हवामान बदलाविषयी शाळकरी मुलांच्या समजुती

ऊर्जा आणि हवामान बदल या विषयांत प्राथमिक शाळेतील मुलांची पाटी कोरी असते आणि तिच्यावर अचूक व्याख्या उमटवली की शिकवणे पूर्ण झाले, हा या क्षेत्रातील सर्वांत पक्का गैरसमज आहे. मात्र तो मुलांचा नसून मोठ्यांचा आहे. इंग्लंडमध्ये रोझलिंड ड्रायव्हर, मायकेल वॉट्स, जोन सॉलोमन आदी अभ्यासकांनी १९८० च्या दशकात केलेल्या कामातून असे दिसले की, मूल वर्गात येते तेव्हा रोजच्या अनुभवातून आणि घरच्या बोलण्यातून घडलेले स्पष्टीकरण त्याच्याजवळ आधीच तयार असते. या स्पष्टीकरणाला ‘पर्यायी संकल्पना’ म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने ती चुकीची असली तरी तिला स्वतःची संगती असते, आणि म्हणूनच व्याख्या पाठ झाली तरी ती जागची हलत नाही.

ऊर्जेबाबत मुले सहसा असे मानतात की ती माणसात, प्राण्यांत किंवा हलणाऱ्या वस्तूत असते. वॉट्स यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात या समजुती ठळकपणे येतात. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत भाषाही या समजुतीला हातभार लावते, कारण ताकद, शक्ती, जोर, बल आणि ऊर्जा हे शब्द घरात एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात, तर भौतिकशास्त्रात बल आणि ऊर्जा या अगदी वेगळ्या राशी आहेत. त्यामुळे धावणाऱ्या मुलात ऊर्जा आहे हे लगेच पटते, पण कोयनेच्या धरणात निवांत साठलेल्या पाण्यात, केवळ ते उंचावर असल्यामुळे, टर्बाइन फिरवण्याइतकी ऊर्जा आहे हे पटत नाही. ‘सेल संपला’, ‘लाइट गेली’ या नेहमीच्या वाक्यांमुळे ऊर्जा वापरली की नाहीशी होते अशीही धारणा बनते. प्रत्यक्षात ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचे रूप बदलते, आणि अखेरीस ती बहुतेक वेळा इतस्ततः पसरलेल्या, पुन्हा कामाला न येणाऱ्या उष्णतेत रूपांतरित होते. बंद खोलीत चालणारा पंखा हवा थंड करतो असे मुलांनाच काय, मोठ्यांनाही वाटते; वस्तुतः पंख्याने घेतलेली वीज शेवटी उष्णता बनून खोलीला किंचित तापवते, आणि जाणवणारा गारवा हा अंगावरचा घाम वेगाने वाळल्याचा परिणाम असतो.

वीज भिंतीतून येते ही त्याहून लहान मुलांची समजूत हसण्यावारी नेली जाते, परंतु हवामान बदलाचा धडा नेमका तिथेच अडतो. बटण दाबल्यावर धूर दिसत नाही, वास येत नाही. त्यामुळे चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळणारा कोळसा आणि वर्गातला दिवा यांचा संबंध मुलाला आपोआप लागत नाही. वीजबिलावरचे एक ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॉट-तास, अर्थात ७५ वॉटचा पंखा सुमारे तेरा तास चालवण्याइतकी ऊर्जा. ती कोळशापासून मिळवली तर ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

वायूचे ‘एक किलो’ ही कल्पनाच पुष्कळ मुलांना अशक्य वाटते, कारण त्यांच्या लेखी हवा म्हणजे काहीच नाही आणि काहीच नसलेल्याला वजन कुठले? एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान पाऊण किलोच्या आसपास असते, पण ते जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण इंधनातील कार्बनशी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि त्याचेही वस्तुमान हिशेबात येते. झाड मातीतून अन्न घेऊन वाढते ही समजूत याच अडचणीचे दुसरे टोक आहे. बेल्जियन अभ्यासक व्हॅन हेल्मॉन्ट यांनी कुंडीत विलोचे झाड पाच वर्षे वाढवले, तेव्हा झाडाचे वजन सुमारे १६४ पौंडांनी वाढले आणि मातीचे मात्र जेमतेम दोन औंसांनी घटले. १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून त्यांनी सारे श्रेय पाण्याला दिले, पण लाकडातला कार्बन हवेतून येतो हे पुढे उलगडले. मोठ्या विद्वानाचीही जिथे गफलत झाली, तिथे चौथीतल्या मुलाला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

हवामान बदलाच्या मुळाशी असलेला ‘हरितगृह परिणाम’ हा शब्दही मुलांना चकवतो, कारण हरित म्हणजे चांगले हे त्यांनी पुरते आत्मसात केलेले असते. येथे गोधडीचे उदाहरण अधिक उपयोगी पडते. गोधडी ऊब ‘देते’ असे मूल मानते. पण रिकाम्या गोधडीत गुंडाळलेला तापमापक खोलीइतकेच तापमान दाखवतो, आणि बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळली तर ती उशिरा वितळते. म्हणजे आवरण उष्णता निर्माण करत नाही, तिचे जाणे-येणे मंदावते. कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सूर्यप्रकाश बराचसा आत येऊ देतात आणि तापलेल्या पृथ्वीकडून निघणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची प्रारणे, शोषून त्यांचा काही भाग परत खाली पाठवतात. गोधडीची रीत याहून वेगळी आहे, हा फरक वरच्या वर्गात सांगितला तरी चालतो.

ओझोनच्या थराला पडलेल्या भोकातून ऊन आत शिरते म्हणून पृथ्वी तापते, ही समजूत बॉइज आणि स्टॅनिस्ट्रीट यांनी १९९० च्या दशकात ब्रिटिश विद्यार्थ्यांत नोंदवली. ओझोन अतिनील किरण अडवतो. त्याचा ऱ्हास हा वेगळा प्रश्न असून तापमानवाढीचे ते मुख्य कारण नाही. कचरा उचलल्याने किंवा शिसेविरहित पेट्रोल वापरल्याने तापमानवाढ थांबेल असेही त्या मुलांना वाटत होते. पर्यावरणासाठी जे जे चांगले ते सर्व एकाच गाठोड्यात बांधण्याची ही सवय मुलांना बहुधा घोषवाक्यांच्या फलकांनी लावलेली असते.

मराठीत आणखी एक पेच आहे. शालेय भूगोल ‘हवा’ आणि ‘हवामान’ असा भेद करतो: हवा म्हणजे आजची, या घटकेची स्थिती, आणि हवामान म्हणजे दीर्घकाळाची, सर्वसाधारणपणे तीस वर्षांची सरासरी. दूरचित्रवाणीवर मात्र ‘हवामानाचा अंदाज’ उद्याच्या पावसाविषयी असतो, आणि हवा तर श्वासात घेतली जाते. अशा शब्दांच्या गर्दीत डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली की मुलाला तापमानवाढ खोटी वाटणे स्वाभाविक आहे. दहा वर्षांच्या मुलाने हवामान पाहिलेलेच नसते, त्याने फक्त हवा पाहिलेली असते. तीस वर्षे म्हणजे त्याच्या वयाची तिप्पट, आणि ती त्याला भेटतात ती कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून होत आलेल्या नोंदींसारख्या आकड्यांच्या रांगांतच.