जपानची ठशांची रंगीत चित्रे



जपान हा बेटांचा देश आहे. तिथे फुजी नावाचा मोठा पर्वत आहे. त्याची उंची ३७७६ मीटर असून तो ज्वालामुखी आहे. पूर्वी या पर्वताची, समुद्राची, पुलांची आणि रस्त्यांची चित्रे तिथे लाकडाच्या ठशांनी छापत असत. बघणाऱ्याला ती हाताने रंगवल्यासारखी वाटतात. ती कशी करत ते या लेखात सांगते.

हे काम चार जण मिळून करत. पहिला प्रकाशक. तो पैसे घाली आणि चित्रे विकी. दुसरा चित्रकार, तिसरा कोरणारा आणि चौथा छापणारा.

आधी चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने चित्र काढी. कोरणारा तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवी. पालथा का बरं? आपल्या शाळेचा रबरी शिक्का बघा. त्यावरची अक्षरं उलटी असतात, म्हणून कागदावर सुलटी उमटतात. तसंच हे. मग कोरणारा रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकी. रेघ तेवढी उभी राही. चित्रकाराचा मूळ कागद यात नष्ट होई. म्हणून कोरणाऱ्याला फार जपून काम करावं लागे.

आता रंगाचं बघू. बहुतेक प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे. निळ्याचा वेगळा, पिवळ्याचा वेगळा. छापणारा ब्रशने ठशाला रंग लावी. रंगात तांदळाची खळ मिसळत. त्यावर ओलसर कागद ठेवून तो पाठीमागून एका चपट्या गोल चकतीने घासत. छापायचं यंत्र नव्हतंच, सगळं हातानं! एकच कागद असा कितीतरी वेळा वेगवेगळ्या ठशांवर ठेवावा लागे. तो जरा जरी सरकला तरी रंग रेघेबाहेर जाणार. मग काय करायचं? त्यांनी युक्ती काढली. प्रत्येक फळीच्या कडेला दोन खुणा कोरल्या. कागद दर वेळी त्याच खुणांना टेकवायचा. की रंग बरोबर जागेवर बसलाच!

अशी पुष्कळ रंगांची चित्रे १७६५ सालापासून होऊ लागली. ती स्वस्त असत, म्हणून साधी माणसंही विकत घेत.

यात दोन चित्रकार फार प्रसिद्ध झाले. पहिला होकुसाई. त्याचा जन्म १७६० सालचा. लहानपणी तो ठसे कोरण्याचं काम शिकला होता. सत्तरी गाठल्यावर त्याने फुजी पर्वताची छत्तीस चित्रे काढली. लोकांना ती इतकी आवडली की आणखी दहा काढली. म्हणजे नाव छत्तीसचं, पण चित्रे सेहेचाळीस! त्यात एक मोठी लाट आहे. लाटेखाली तीन होड्या आहेत आणि होडीतली माणसं वाकून बसली आहेत. लांब मागे फुजी पर्वत एवढासा दिसतो. लाट मोठी आणि पर्वत लहान, ही गंमत आहे.

दुसरा हिरोशिगे. त्याच्या घरी आग विझवणाऱ्या पथकाची नोकरी होती. एडो म्हणजे आताचं टोकियो. एडोहून क्योटोला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर ५३ मुक्काम होते. त्या रस्त्याची त्याने ५५ चित्रे केली, कारण सुरुवात आणि शेवटही काढला. १८५७ साली त्याने पुलावरच्या पावसाचं चित्र काढलं. अचानक सर आली आहे आणि माणसं छत्रीखाली, गवती टोपीखाली लगबगीने चालली आहेत. त्या पावसाच्या रेघा केसासारख्या बारीक आहेत. एकेक रेघ लाकडावर उभी ठेवायची आणि आजूबाजूचं सगळं काढायचं. एक रेघ तुटली तर पाऊस तुटला!

हे चित्र युरोपात व्हॅन गॉग नावाच्या चित्रकाराला इतकं आवडलं की १८८७ साली त्याने बघून बघून ते तैलरंगात काढलं. होकुसाईची लाट तर २०२४ साली जपानच्या एक हजार येनच्या नोटेवर आली.

मित्रांनो, या चित्रांवर चित्रकाराची सही असते. पण बहुतेक चित्रांवर कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव नसतं. होकुसाईने लाट काढली हे खरं. पण लाटेची नखं लाकडात कुणी कोरली? आभाळाचा रंग हळूहळू फिका कुणी केला? त्यांच्या हाताशिवाय ती लाट कागदावर आलीच नसती.

म्हणून अशी चित्रे कुठे पाहिलीत, तर आधी चित्रकाराला शाबासकी द्या. मग एक बारीक रेघ शोधा, बोटाने दाखवा, आणि कोरणाऱ्यालाही शाबासकी द्या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी