लांबची वाट, मिठाची पेज आणि मागे राहिलेला सोबती



नोव्हेंबर सरत आला की आपल्याकडे भाताची झोडणी आटोपते, कलमांना मोहोराची चाहूल लागते आणि माणसाला चार दिवस उसंत मिळते. त्या उसंतीत गेल्या वर्षी आम्ही चौघा मित्रांनी एक खूळ केले. पन्हाळगडावरून विशाळगडापर्यंत, डोंगरातल्या पायवाटेने, एका दिवसात धावत जायचे ठरवले. तुम्ही म्हणाल, हा कृषी खात्याचा माणूस. याने तुडतुडे, भुरी आणि खताचे हप्ते सांगावेत, धावण्याच्या गोष्टी कशाला? जरा धीर धरा. त्या वाटेवर जे घडले ते उद्या तुमच्या बागेत किंवा लावणीच्या शेतात घडू शकते. म्हणून तर लिहितो आहे.

धावण्याचे हे काय नवीन?

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्याहून लांब धावले की त्याला अल्ट्रा मॅरेथॉन म्हणतात. डांबरी रस्ता सोडून डोंगर, जंगल आणि पायवाट धरली की ती ट्रेल. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची सुमारे ९० किलोमीटरची शर्यत १९२१ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत १९७४ साली गॉर्डी आइन्सले नावाचा गडी घोड्यांच्या १०० मैलांच्या शर्यतीत घोड्याशिवाय उतरला आणि चोवीस तासांच्या आत डोंगर पार करून आला. तिथून या डोंगरी शर्यतींचे वेड वाढले. आपल्या राज्यातही सिंहगड, राजगड, तोरणा या किल्ल्यांच्या वाटेवर अशी शर्यत होते.

पण खरे सांगायचे तर आपल्या माणसाला यात नवल वाटू नये. घाटात रस्ते झाले नव्हते तेव्हा कोकणातले मीठ आणि नारळ माणसांच्या डोक्यावरून नि बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्यावर जात होते आणि तिकडचे धान्य खाली येत होते. टपालाच्या थैल्या हरकारे धावत पोचवायचे. फरक एवढाच, की ते पोटासाठी धावत होते आणि आम्ही हौसेसाठी.

हीच वाट का?

पन्हाळा ते विशाळगड ही वाट महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा होता. १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडावरून निसटले. शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत बसला आणि प्राणाला मुकला. १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह मागे थांबले, म्हणून महाराज पुढे विशाळगडाला पोचले. तीच आजची पावनखिंड. विशाळगडाच्या पायथ्याशी त्या वेळी वेढा घालून बसले होते ते शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणचे दळवी. शृंगारपूर आपल्याच संगमेश्वर तालुक्यातले, हे आपण सहसा आठवत नाही!

वाट कशी धराल त्याप्रमाणे हे अंतर पन्नास ते साठ किलोमीटर भरते. दर वर्षी पावसाळ्यात शेकडो तरुण ही वाट दोन दिवसांत चालून जातात. आम्हाला ती एका दिवसात करायची होती.

आम्ही चौघे कृषी पदविकेचे वर्गमित्र. कॉलेजपासून एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारतो. एक देवरुखचा, एक लांज्याचा, एक राजापूरचा आणि मी रत्नागिरीचा. सहा महिने तयारी केली. पहाटे भाट्याच्या वाळूत, रविवारी सड्यावर, पावसाळ्यात छत्री टाकून पावसातच. अंतर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवले. अंगाला सवय लावायची ती कलमाला खत वाढवत नेतो तशी, एकदम नाही. इथपर्यंत आमचे काही चुकले नाही.

वाटेवर काय झाले?

शुक्रवारी संध्याकाळी साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत पन्हाळ्याला मुक्कामी गेलो. शनिवारी पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात गड उतरलो. उजाडता उजाडता मसाई पठारावर होतो. आपल्या सड्यासारखाच कातळ, पण केवढा ऐसपैस आणि केवढ्या उंचावर! गवत पिवळे पडलेले, दवाने बूट ओलेचिंब. तिथे चौघे एका रांगेत, गप्पा मारत धावत होतो. त्या दिवसातला तो सगळ्यात चांगला तास.

ऊन चढले तसे अंतर पडत गेले. देवरुखचा आणि मी पुढे. राजापूरचा मधे. लांज्याचा मागे. तो अंगाने जरा भारी आहे, त्याला घामही फार येतो. पण शिस्तीचा माणूस. कोणीतरी त्याला सांगितले होते की दर वीस मिनिटांनी पाणी प्यायचेच, तहान लागो न लागो. तो बिचारा तसे करत होता. दिसेल त्या विहिरीवर, नळावर बाटल्या भरून घ्यायचा. खाणे मात्र त्याला नकोसे झाले होते. सकाळपासून दोन केळी आणि चहा, बस्स.

मधे एकदा त्याचा फोन आला. "अरे, डोकं दुखतंय रे. तुम्ही व्हा पुढे, मी येतो सावकाश."

आणि आम्ही झालो पुढे. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरे आहे ते लिहितो. माझ्या डोक्यात घड्याळ होते. संध्याकाळी सहाच्या आत विशाळगड, एवढेच. ज्या वाटेवर तीनशे माणसे मागे थांबली म्हणून बाकीचे पुढे पोचले, त्याच वाटेवर आम्ही आमच्या एका माणसाला मागे टाकून पुढे गेलो.

पांढरपाण्याच्या अलीकडे फोनची रेंज गेली. अर्धा तास थांबलो, राजापूरचा आला. लांज्याचा काही येईना. तेव्हा कुठे पोटात कालवले आणि तिघेही माघारी वळलो. तो सापडला एका धनगरवाड्याच्या पडवीत. वाट चुकून खालच्या रानात शिरला होता, गुरे राखणाऱ्या मुलाने हाताला धरून आणला. दोनदा उलटी झालेली. हाताची बोटे सुजून अंगठी रुतलेली. मला बघून म्हणाला, "गाडी आली काय कॉलेजची?"

माझे पायच गळाले. मी घाईघाईने पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावायला गेलो. घरातल्या आजीने माझा हात धरला.

"नगं बाबा, पाणी नगं. सकाळधरनं नुसतं पाणीच पितोय म्हणं त्यो. मिठाची पेज ठेवलीया चुलीवर, ती पाजा घोट घोट."

पेज अर्धी वाटी गेली, पोटात राहिली. मग आणखी थोडी. वाडीतल्या एका माणसाने जीप काढली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी रक्त तपासले, रात्रभर ठेवून घेतले. सकाळी गडी शुद्धीवर होता, आम्हाला शिव्या घालण्याइतका. त्या आम्ही मुकाट ऐकल्या.

डॉक्टरांनी काय सांगितले?

घामातून नुसते पाणी जात नाही, मीठही जाते. तासन् तास घाम गाळून माणूस वरून फक्त साधे पाणी पीत राहिला, खाल्ले काहीच नाही, तर रक्तातले मीठ पातळ होते. मग डोके दुखते, मळमळते, हात सुजतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पुढे झटके येतात, जीवही जातो. अशा माणसाला आणखी साधे पाणी पाजणे म्हणजे बुडत्याला खाली दाबणे. आजीने हात धरला नसता तर मी तेच केले असते.

ते ऐकताना मला गेल्या एप्रिलमधली एक दुपार आठवली. माझ्या सजातल्या एका बागेत आंबा उतरवताना एक गडी चक्कर येऊन बसला. सकाळपासून चहा आणि पाणी, दुसरे काही नाही. आम्ही त्याला दोन तांबे पाणी पाजले, ते सगळे उलटून पडले. वेळेवर सलाईन लागले म्हणून वाचला. तेव्हा 'ऊन लागले' म्हणून विषय सोडून दिला. त्याचा नेमका आजार कोणता ते मला कळायचे नाही. पण नुसत्या पाण्यावर दिवस काढायची रीत तीच होती, एवढे आता कळते.

बागायतदारांनी आणि मुकादमांनी एवढे करावे

एक. कामाच्या ठिकाणी पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी ठेवा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ओआरएसच्या पुड्या मिळतात, एका लिटरला एक पुडी. मीठ घातलेले कोकम सरबत, ताक, पेज हेही चांगलेच. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

दोन. तहान लागेल तसे प्या. तहान दाबू नका आणि उगाच ढोसूही नका. दहाच्या सुमारास भाकरी, आंबोळी, गूळ-शेंगदाणे असे काहीतरी पोटात जाऊ द्या.

तीन. अंग तापलेले आणि बोलणे भरकटलेले असेल तर तो उष्माघात समजा. माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

चार. कोणीही एकटा दूरच्या तुकड्यात राहणार नाही हे बघा. जोडी लावून द्या. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे मागे कोणी राहतच नाही.

ग्रामपंचायतींसाठी दोन शब्द

धावणारे आणि भटकणारे लोक उद्या आपल्याही घाटवाटांवर येणार आहेत. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा आणि आपला हर्णैचा सुवर्णदुर्ग हे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या मराठा किल्ल्यांमध्ये गेले, तेव्हा वर्दळ वाढेल. गावात अशी शर्यत घ्यायची म्हणून कोणी आले तर नुसते हारतुरे करू नका. वनखात्याची परवानगी आहे का, डॉक्टर आणि गाडी कुठे उभी राहणार, कचरा कोण उचलणार, जेवण बचतगटाकडून घेणार का, हे आधी विचारा. जुन्या वाटांवरचे रान पावसाळा संपल्यावर एकदा तोडून घ्या आणि फाट्यांवर खुणेचे दगड रंगवा. लांज्याचा चुकला तो अशाच एका फाट्यावर, जिथे काहीही खूण नव्हती.

आमचा विशाळगड राहिला तो राहिलाच. पावनखिंडही त्या दिवशी दिसली नाही. येत्या नोव्हेंबरला झोडणी झाली की पुन्हा जायचे ठरले आहे. या खेपेला लांज्याचा सगळ्यात पुढे असेल, घड्याळ घरी राहील आणि पिशवीत मीठ असेल. धनगरवाड्यावर आधी थांबायचे आहे. आजीसाठी आमसुले आणि नारळ घेऊन जायचे कबूल केले आहे.