फोकसची मुखत्यारी

जुन्या बाजारात मिळणारी, हाताने फोकस करावयाची लेन्स घ्यावी की नवी ऑटोफोकस लेन्स घ्यावी, अशा विवंचनेत पडलेला हौशी छायाचित्रकार बहुधा चित्राच्या रेखीवपणाचीच चौकशी करीत बसतो. परंतु काचेच्या गुणांपेक्षाही त्या काचेला पुढेमागे सरकविण्याची मुखत्यारी बोटांकडे आहे की मोटारीकडे, यावर या दोन जातींची सारी घडण अवलंबून असते.

पन्नास मिलिमीटर नाभीय अंतराच्या साध्या लेन्सचेच पाहा. क्षितिजावरील डोंगरावरून एक मीटरवर बसलेल्या माणसावर फोकस आणावयाचा तर तिची भिंगे जेमतेम २.६ मिलिमीटर पुढे सरकतात, आणि दहा मीटरपासून अनंतापर्यंतचा अवघा प्रदेश तर पाव मिलिमीटरात सामावलेला असतो! एवढी सूक्ष्म हालचाल बोटांच्या अंमलाखाली यावी म्हणून जुन्या कारागिरांनी आटे पाडलेल्या धातूच्या नळ्या एकमेकींत बसविल्या, त्यांत दाट वंगण भरले आणि बाहेरच्या कड्याला ऐसपैस फिरण्याची मुभा दिली. मोटारीला मात्र हे घर्षण आणि हा लांबलचक फेरा दोन्ही जाचक. तिला हलके ओझे आणि आखूड वाट हवी. तेव्हा नव्या लेन्सचे कडे हाताला सैल लागते, ते निकृष्ट कारागिरीचे लक्षण समजू नये.

याहूनही मनोवेधक गोष्ट अशी की, फोकस ओळखण्याचे तत्त्व दोहोंकडे बरेचसे एकच आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या दृश्यपटलाच्या मध्यभागी परस्परविरुद्ध उताराच्या दोन काचपाचरी असत. लेन्सच्या एका कडेकडून आलेला प्रकाश एकीतून व समोरच्या कडेचा दुसरीतून दिसे, आणि फोकस चुकला असेल तर विजेच्या खांबाची सरळ रेषा मध्येच तुटून तिचे तुकडे बाजूला सरकलेले आढळत. १९८५ साली मिनोल्टा ७००० ने ज्या पद्धतीला लोकमान्यता मिळवून दिली, तिच्यातही अशाच दोन प्रतिमा संवेदकांवर पाडून, त्यांमधील अंतरावरून लेन्स कोणत्या दिशेस व किती न्यावयाची याचा निकाल क्षणार्धात लावला जातो.

जुनी लेन्स आरशाच्या ऑटोफोकस कॅमेऱ्यावर चढविणाऱ्याची मात्र फसगत होते. त्या कॅमेऱ्याच्या उजळ दृश्यपटलावर पाचरी सहसा नसतात, आणि ते पटल अ‍ॅपर्चर एफ/२.८ च्या आसपास असावे इतकी खोली स्पष्ट दाखविते. वास्तविक ८५ मिलिमीटरची लेन्स एफ/१.४ वर दोन मीटर अंतरावरील चेहऱ्याची साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेर खोलीच स्पष्ट टिपते, आणि डोळ्यांऐवजी कानशिले रेखीव उमटतात. शिवाय कॅननने १९८७ साली लेन्स जोडावयाची नवी बैठक आणताना तिचे फिल्मपासूनचे अंतर ४२ वरून ४४ मिलिमीटर केल्यामुळे, त्या घराण्याच्या जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर साध्या जोडकड्याने अनंतापर्यंत पोहोचतच नाहीत. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांत हे अंतर अवघे १८ मिलिमीटर असल्याने जोडकड्याला भरपूर जागा उरते, आणि संवेदकावरील प्रतिमा मोठी करून पाहता येते. जुन्या काचेला पुन्हा मान मिळाला तो या तजविजीमुळे.

धावती मुले, पक्षी, लग्नातील गडबड यांसाठी निःशंकपणे ऑटोफोकस घ्यावी. देवळाचे कोरीवकाम, फुलाचा पराग, शांत बसलेली आजी यांसाठी जुनी लेन्स घ्यावी, आणि तीही पारखून: दोन्ही टोकांची झाकणे काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, तिच्यातून दिव्याकडे तिरपे पाहावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. ती काचेवरील लेप कोरते, आणि मग साफसफाईनेही तो डाग जात नाही.