गोळी चालू ठेवावी की थांबवावी?
स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात औषधांचा निर्णय कसा घ्यावा

स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया हा आजार वर्षानुवर्षे पावलापावलाने पुढे सरकतो. आधी नावे विसरली जातात, मग रस्ते, मग घरातली माणसे. अखेरच्या टप्प्यात रुग्णाच्या तोंडी जेमतेम पाच-सहा शब्द उरतात, आधाराशिवाय चालता-बसता येत नाही, मलमूत्र विसर्जनावर ताबा राहत नाही आणि घास गिळण्याची क्रियाही शरीर विसरू लागते. औषधांचा डबा मात्र पूर्वीइतकाच, किंबहुना अधिक भरलेला असतो. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, स्मरणशक्ती, झोप, बद्धकोष्ठता. प्रत्येकासाठी वेगळी गोळी. सकाळ-संध्याकाळ त्या कुस्करून, केळ्यात कालवून, विनवण्या करून भरवताना घरच्यांच्या मनात एक प्रश्न डोकावतो. तो उच्चारण्याचे धाडस मात्र सहसा होत नाही : या साऱ्या गोळ्यांची आता खरोखर गरज आहे काय?

असा प्रश्न विचारणे म्हणजे आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणे, अशी भावना अनेक घरांत असते. वास्तविक औषधांचा फेरविचार हा उपचाराचाच भाग आहे. त्यात काही औषधे थांबवली जातात, काही चालू राहतात आणि काही नव्याने सुरूही करावी लागतात. निर्णय एकेका औषधाविषयी घ्यायचा असतो आणि कसोटी एकच असते : ही गोळी आज, या अवस्थेत, या माणसाला काय देते?

भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असून रुग्णांची संख्या सुमारे ८८ लाख आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. यातील बहुसंख्य रुग्णांची शुश्रूषा घरीच होते. त्यामुळे हा निर्णयही अखेर घरातच, मुलगा, सून, मुलगी किंवा वृद्ध जोडीदार यांच्यापुढे येऊन उभा ठाकतो.

आजाराचे खरे रूप

औषधांचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट मान्य करावी लागते. स्मृतिभ्रंश हा निव्वळ 'म्हातारचळ' नाही. तो मेंदूच्या पेशींचा ऱ्हास करणारा आणि अखेर मृत्यूकडे नेणारा आजार आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील शुश्रूषागृहांमध्ये अखेरच्या टप्प्यातील ३२३ रुग्णांचा दीड वर्ष अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या दीड वर्षात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले. खाण्या-गिळण्याच्या तक्रारी सुमारे ८६ टक्के रुग्णांमध्ये आढळल्या, तर न्यूमोनिया सुमारे ४१ टक्के रुग्णांना झाला.

याच अभ्यासात आणखी एक बाब दिसली. पुढे कोणती गुंतागुंत होऊ शकते याची कल्पना डॉक्टरांनी दिली होती, असे सांगणारे नातेवाईक जेमतेम एक-तृतीयांश होते. ज्या नातेवाइकांना आजाराची पुढची वाटचाल ठाऊक होती, त्यांच्या रुग्णांना अखेरच्या दिवसांत त्रासदायक उपचारांना कमी तोंड द्यावे लागले. म्हणूनच 'आजार नेमका कोणत्या टप्प्यावर आहे आणि पुढे काय अपेक्षित आहे?' हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारणे, ही निर्णयाची पहिली पायरी ठरते.

स्मरणशक्तीची औषधे

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन व गॅलँटामिन ही औषधे मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचे विघटन मंद करतात. मेमँटिन हे चौथे औषध ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या अतिरेकी परिणामाला आवर घालते. यांपैकी कोणतेही औषध आजार बरा करत नाही अथवा मूळ ऱ्हास थांबवत नाही. काही रुग्णांमध्ये घसरण काही काळ सौम्य होते, एवढाच त्यांचा लाभ.

मग अखेरच्या टप्प्यात ती द्यावीत का? यावर वैद्यकविश्वात एकमत नाही. ब्रिटनमध्ये मध्यम ते तीव्र अल्झायमरच्या २९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोनेपेझिल चालू ठेवलेल्यांची स्थिती ते बंद केलेल्यांपेक्षा वर्षभरात थोडी बरी राहिली. औषध बंद केलेल्या रुग्णांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ अधिक वेळा आली, असे २०१५ च्या पाठपुराव्यात दिसले. नंतरच्या तीन वर्षांत मात्र हा फरक उरला नाही. केवळ आजार तीव्र झाला या एकाच कारणावरून अल्झायमरच्या रुग्णाचे हे औषध थांबवू नये, असे ब्रिटनची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या मार्गदर्शिकेनुसार मात्र औषध वर्षभराहून अधिक काळ घेऊनही लाभ दिसत नसेल, किंवा रुग्ण पूर्णपणे परावलंबी होऊन अखेरच्या टप्प्यात पोहोचला असेल, तर ते टप्प्याटप्प्याने थांबवून पाहण्यास हरकत नाही.

दोन्हींचा मथितार्थ असा की, रुग्णाकडे पाहून ठरवावे. रुग्ण अजून माणसे ओळखत असेल, स्वतःच्या हाताने चार घास खात असेल, तर औषध चालू ठेवण्यास आधार आहे. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल, वजन घटत असेल, मळमळ वा जुलाब होत असतील, नाडी मंद पडून चक्कर येत असेल, तर हेच औषध त्रासाचे कारण असू शकते. कारण भूक मंदावणे आणि नाडी मंद होणे हे डोनेपेझिल गटाचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. थांबवायचे ठरल्यास मात्र एकदम थांबवू नये. मात्रा निम्म्यावर आणून सुमारे चार आठवडे निरीक्षण करण्याची पद्धत आहे. या काळात रुग्ण स्पष्टपणे खालावला, तर डॉक्टर औषध पुन्हा सुरू करू शकतात. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात या औषधांमुळे भास आटोक्यात राहत असल्यास अधिकच सावधगिरी हवी.

अमेरिकेत २०२३ व २०२४ मध्ये मंजूर झालेल्या लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या इंजेक्शनांविषयीही अनेक कुटुंबे विचारणा करतात. ही औषधे अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहेत. अखेरच्या टप्प्यातील रुग्णासाठी ती नाहीत.

'शांत' करणारी औषधे

रात्र-रात्र ओरडणे, अंगावर धावून जाणे, कपडे बदलू न देणे या वर्तनाने घरचे मेटाकुटीला येतात. अशा वेळी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्वेटियापिन ही मनोविकारांवरील औषधे दिली जातात. यांच्या बाबतीत सर्वाधिक जागरूकता आवश्यक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये या गटातील नव्या औषधांबाबत सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला. सतरा चाचण्यांच्या विश्लेषणात, साधारण दहा आठवड्यांच्या काळात ही औषधे घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ४.५ टक्के, तर न घेणाऱ्यांमध्ये २.६ टक्के आढळले होते. २००८ मध्ये हाच इशारा या गटातील जुन्या औषधांनाही लागू झाला. ब्रिटनमधील एका चाचणीत असे औषध चालू ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. औषध काढून घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ७१ टक्के होते. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ ही औषधे कधीच देऊ नयेत असा नाही. रुग्णाला वा शुश्रूषा करणाऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा भासांमुळे रुग्ण भयभीत होत असेल, तर अल्प मात्रेत, थोड्या आठवड्यांपुरती ती दिली जातात. आपल्याकडे होते असे की, एका अवघड रात्री सुरू झालेली गोळी पुढे दोन-दोन वर्षे चालू राहते. ती का सुरू झाली होती, हेही कोणाला आठवत नाही. म्हणून सुरू करतानाच 'ही कधी थांबवायची?' हे विचारून ठेवावे.

बोलता न येणारी वेदना

ओरडण्यामागे अनेकदा दुखणे असते. गुडघे, दात, शय्याव्रण, तुंबलेली लघवी, चार दिवसांचा बद्धकोष्ठ यांपैकी काहीही रुग्ण सांगू शकत नाही. तो फक्त हात झटकतो. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांमधील ३५२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पद्धतशीर वेदनाशामक उपचार दिल्यावर आठ आठवड्यांत रुग्णांची अस्वस्थता सुमारे १७ टक्क्यांनी घटली. बहुतेकांना त्यासाठी साधे पॅरासिटामॉल पुरले. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वासाची लय, कण्हणे, चेहऱ्यावरील आठ्या, अंग आखडणे आणि जवळ घेतल्यावरही शांत न होणे या पाच खुणांवरून वेदनेचा अंदाज बांधता येतो. वर्तन अचानक बिघडले, तर शांत करणाऱ्या गोळीआधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ आणि वेदना तपासून घेणे इष्ट.

जुन्या आजारांची औषधे

कोलेस्टेरॉलची गोळी भविष्यातील हृदयविकार टाळण्यासाठी असते. तिचा लाभ मिळायला वर्षे लागतात. अखेरच्या टप्प्यातील रुग्णाकडे तेवढा अवधी सहसा नसतो. आयुर्मान वर्षभराहून कमी असल्याचा अंदाज असलेल्या ३८१ रुग्णांवरील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ही गोळी थांबवल्याने साठ दिवसांतील मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही आणि जीवनाची गुणवत्ता किंचित सुधारली.

मधुमेहात धोका उलट दिशेने येतो. रुग्णाचे खाणे घटलेले असते आणि गोळी वा इन्सुलिन मात्र जुन्याच मात्रेत चालू असते. साखर एकदम उतरली, तर घाम, थरथर, घाबरे होणे हे रुग्ण सांगू शकत नाही. त्यामुळे या टप्प्यात साखरेचे आकडे काटेकोर राखण्यापेक्षा ती धोकादायकरीत्या उतरू न देणे महत्त्वाचे. वजन घटलेल्या रुग्णाचा रक्तदाबही कमी होतो. जुनी मात्रा तशीच राहिली, तर तो चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

काही औषधे एकमेकांना निष्प्रभ करतात. सर्दीची क्लोरफेनिरामिनयुक्त गोळी, लघवी रोखणारे ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी दिलेले अमिट्रिप्टिलिन ही औषधे अ‍ॅसिटिलकोलिनचा परिणाम रोखतात. डोनेपेझिल नेमके तेच रसायन टिकवू पाहते. कित्येकदा डोनेपेझिलमुळे लघवीची घाई वाढते आणि त्यावर ऑक्सिब्युटिनिन दिले जाते. एका गोळीचा दुष्परिणाम अशा रीतीने दुसऱ्या गोळीचे कारण होतो.

मात्र अपस्माराची, पार्किन्सनची किंवा दीर्घकाळ घेतलेली झोपेची औषधे घरच्या घरी अचानक बंद करणे घातक ठरू शकते. कोणतेही औषध थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि एका वेळी एकच औषध, या क्रमाने व्हावा.

कुस्करणे आणि नळी

गिळता येत नाही म्हणून सगळ्याच गोळ्या कुस्करू नयेत. दीर्घकाळ परिणामासाठी बनवलेली गोळी कुस्करली, तर दिवसभराची मात्रा एकदम शरीरात जाते. रिव्हास्टिग्मिन त्वचेवर चिकटवायच्या पट्टीच्या रूपात मिळते, तर काही औषधे द्रवरूपातही मिळतात. केवळ औषधे देता यावीत म्हणून नाकातून नळी घालण्याचा पर्याय पुढे आला, तर थांबून विचार करावा. अखेरच्या टप्प्यातील स्मृतिभ्रंशात अन्ननळीची शिफारस करता येत नाही, हाताने सावकाश भरवणेच श्रेयस्कर, अशी अमेरिकेतील जराचिकित्सकांच्या संघटनेची २०१४ पासूनची भूमिका आहे.

ठरवायचे कोणी?

रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या पलीकडे गेलेला असतो. भरवणारी सून दमलेली असते, परदेशातील मुलगा फोनवरून 'काहीही कमी पडू देऊ नका' म्हणतो आणि भेटीला आलेले आप्त 'औषध बंद केले?' असे विचारून जातात. अशा वेळी भावंडांनी डॉक्टरांसमवेत एकत्र बसणे हिताचे. दूरच्यांना फोनवर जोडून घेता येते. प्रश्न 'आपल्याला काय हवे?' असा न ठेवता 'आईला काय मान्य झाले असते?' असा ठेवला, तर वाद बराच निवळतो. निरोगी असताना इच्छापत्र करून ठेवलेले असेल, तर ते पाहावे. सन्मानाने मरण्याचा अधिकार आणि वैद्यकीय इच्छापत्र यांना सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. ही प्रक्रिया जीवरक्षक उपचार काढून घेण्यासंबंधी आहे. निरुपयोगी ठरलेली कोलेस्टेरॉलची गोळी थांबवण्यासाठी तिची आवश्यकता नाही.

डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधे, काढे आणि चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत. प्रत्येकाविषयी तीन प्रश्न विचारावेत : हे कशासाठी आहे, त्याचा लाभ या टप्प्यात दिसेल का, आणि थांबवल्यास काय होईल? मिळालेले उत्तर, बदललेली मात्रा आणि पुढच्या फेरतपासणीची तारीख वहीत लिहून ठेवावी, आणि रात्रपाळीला येणाऱ्या मावशींनाही ती वही दाखवावी.