देणगी मागणारा एकच चेहरा

विद्यापीठाच्या निधी-संकलनाच्या पत्रकात हजारो विद्यार्थ्यांची आकडेवारी आत जाते, मुखपृष्ठावर बहुधा एकच चेहरा हसत असतो. का?

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ सालच्या शोधनिबंधात याचा धागा सापडतो. मालीतल्या सात वर्षांच्या रोकियाचा फोटो आणि हकिकत पाहणाऱ्यांनी हातातल्या पाच डॉलरांपैकी सरासरी २.३८ डॉलर दिले; लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४. दोन्ही एकत्र दाखवल्यावर फक्त १.४३! आकड्यांनी रोकियाचाच वाटा कापला म्हणायचा.

पत्रकासाठी तो एक चेहरा टिपायचा मात्र बेताने. ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे ३० टक्के अधिक रुंद भासते. दोष लेन्सचा नव्हे, अंतराचा. म्हणूनच छायाचित्रकार दोनेक मीटर मागे सरतात आणि ८५ मिलिमीटरची लेन्स लावतात.