पात्यावरची अक्षरं: जुनं शस्त्र घासण्याआधी हे ऐका

ज्यांना हेडफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. गारगोटीला आमच्या घरी एक जुनी कट्यार आहे. खंडेनवमीला ती पाटावर येते, हळदकुंकू लागतं, की परत कापडात. बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा सुट्टीत घरी आलो आणि म्हटलं, यंदा हिला चकचकीत करू. पॉलिश पेपर घेतला, अर्धा तास घासलं. पातं आरशासारखं झालं. आजोबांनी हातात घेतलं, उजेडात फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "देवाचं नाव घालवलंस की रं."

मुठीजवळ चांदीच्या बारीक रेषेत अक्षरं होती. आता फक्त 'श्री' उरलाय. पुढे काय होतं? आजोबा म्हणतात भवानी, आत्या म्हणते जोतिबा. फोटो कुणीच काढलेला नव्हता. म्हणजे बॅकअप न घेता डिलीट!

तर ही अक्षरं इतक्या सहज का जातात? आपल्याकडे पोलादावर सोन्याचांदीचं जे काम दिसतं, त्यातलं बरंचसं कोफ्तगरीचं असतं. कारागीर पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून ते खरखरीत करतो, त्यावर तार ठेवून ठोकतो आणि मग घोटतो. तार त्या खरखरीत भागात अडकून बसते. म्हणजे अक्षर पात्याच्या आत नसतं, नुसतं वर बसलेलं असतं. दुसऱ्या पद्धतीत, तहनिशानमध्ये, आधी खाच कोरून त्यात तार भरतात. ते जास्त टिकतं. पॉलिश पेपरपुढे कोफ्तगरीचं काही चालत नाही.

आता जरा जावा बेटावर जाऊ. तिथला क्रिस हा खंजीर आणि तोंबाक हा भाला घरोघरी वारशानं जपतात. काही पात्यांवर अरबी अक्षरंही असतात. जावानी वर्षाच्या पहिल्या महिन्यात, म्हणजे सुरोमध्ये, ही शस्त्रं विधिपूर्वक धुतात, तीही लिंबाच्या रसानं आणि सोमलानं! मग ते पातं खराब होत नाही का? तिथली मुख्य नक्षी, पामोर, पात्याच्या घडणीतच असते. साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड थर देऊन घडवतात. सोमलानं साधं लोखंड काळं पडतं, निकेलचा थर उजळ राहतो आणि नक्षी उठून दिसते. अर्थात आम्लानं थोडा धातू दरवेळी जातोच. पण व्हिडिओ बघून तोच लिंबू आपल्या कट्यारीला चोळलात, तर वरची तार सुटू शकते. आणि सोमल विषारी असतो, घरी हातही लावू नका.

बरं, चार अक्षरांनी एवढा काय फरक पडतो? २०२५ साली महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार परत आणली. तिचं पातं युरोपियन बनावटीचं, म्हणजे ती फिरंग. अशा फिरंगा दख्खनमध्ये पुष्कळ होत्या. पण हिच्या पाठीवर सोन्यानं देवनागरीत नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हा किताब आहे. ती ओळ कुणी घासून टाकली असती, तर ती कुणाची हे सांगणार कोण?

धार्मिक मजकुरात तर कोडिंगही सापडतं. इराणी आणि हिंदुस्थानी पात्यांवर कधी चार घरांचा छोटा चौकोन दिसतो; त्यात २, ४, ६, ८ हे आकडे किंवा त्यांची अरबी अक्षरं. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक संख्या असते. या चार अक्षरांचा शब्द होतो 'बदूह', रक्षणासाठीचा मंत्र समजा.

पण अक्षरं दिसली म्हणून लगेच पैसे काढू नका. 'असदुल्ला' या नामांकित इराणी कारागिराची सही वेगवेगळ्या काळातल्या कितीतरी पात्यांवर आहे. जुन्या पात्यावर नवं नाव टाकणंही अवघड नाही. पातं झिजलेलं आणि अक्षरांच्या कडा मात्र करकरीत, असं असेल तर शंका घ्या.

कायद्याचं थोडक्यात. तलवार, भाला, खंजीर यांना १९५९ चा शस्त्र कायदा लागतो. तुमच्या भागात परवाना लागतो का, ते पोलीस ठाण्यात विचारा. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

घरात असं काही असेल तर आज एवढंच करा. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. पुसट अक्षरंही सावलीमुळे दिसतात. दोन्ही बाजू, पाठ, मूठ, सगळ्यांचे फोटो घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते मोठ्यानं वाचायला सांगा आणि रेकॉर्ड करा. मग मऊ सुती कापडानं पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. बास.

कोल्हापूरला आलात तर न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शस्त्रं बघा, आणि बघताना धारेपेक्षा मुठीजवळ नजर ठेवा.

आमची कट्यार यंदाही पाटावर येईल. मी तेलाचा हात देईन. 'श्री'च्या पुढची जागा मात्र रिकामीच राहणार. तुमच्याकडची तशी होऊ देऊ नका. भेटू पुढच्या भागात!